नंबर नसलेली सायकल

तमाम सोयऱ्याधायऱ्यांना कळवण्यात येते की, ऐन पंगतीत, वरणावर तूप पडत असताना, वाशिमच्या एका मंगल कार्यालयावर गंभीर संकट कोसळले होते. ते दोन चाकांवर उभे होते.

माइकवरून नवरदेवाचा मामा सांगत होता, "गेटाजवळ एक सायकल उभी हाय. थ्या जागेवर भाऊसाहेबांची गाडी लावाची हाय. सायकल नंबर..." तो थांबला. सकाळपासून गाड्यांचे नंबर पुकारून त्याची जीभ तशीच वळली होती. "हिले तं नंबरच नाही न बावा."

अख्खा मांडव हसला. मीही हसलो. सायकल आमची होती.

म्हणजे माझ्या रेणूची. मळ्यातून कॉलेजला ती या सायकलवरच येते. त्या दिवशी माझा गुडघा सुजलेला. म्हणून लेक पायडल मारत होती आणि मी, भला थोरला बाप, मागे कॅरिअरवर, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, गाठोड्यासारखा. कार्यालयासमोर पायी चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी रस्त्याच्या कडेने सिमेंटचे नवे गट्टू बसवलेत. त्यांवर गाड्या उभ्या होत्या, एकीला एक चिकटून. आम्ही खालून, रस्त्यावरून, ट्रकांपासून अंग चोरत आलो. गेटापाशी थोडे गट्टू मोकळे दिसले. तिथे तिने सायकल लावली.

आत गेल्यावर मी पंगतीत बोटावर किल्ली फिरवत बसलो. सांगताना आजही मान खाली जाते. ती मळ्यातल्या पंपाच्या पेटीची किल्ली होती.

शेजारी शेलूबाजारचा एक पाहुणा. "कोणती गाडी घेतली, भाऊ?"

"पांढरी," मी म्हणालो.

मग माइकवर सायकल पुकारली गेली आणि समोर बायांच्या पंगतीतून रेणू उठली. पानात जिलबी तशीच. एकदा माझ्याकडे पाहिले. हाक मारली नाही.

"कोणाची पोरगी व्हय हे?" पाहुणा म्हणाला.

"काय मालूम," मी म्हणालो. ती चार हातांवर होती. तिने ऐकले.

तोवर मला कोणी काही बोललेही नव्हते. मीच पोटच्या पोरीला परके केले. एका पांढऱ्या, नसलेल्या गाडीसाठी.

बाहेर हॉर्न वाजू लागला. थांबेना. मी भरल्या पानावरून उठलो, लंगडत गेटाकडे गेलो. रेणू सायकल उचलून नालीपलीकडे नेत होती. मागून गाडी तिच्या पिंढऱ्यांना टेकायला आलेली. मामा माइक घेऊन तिथवर पोचला होता. "उरक बाई, उरक."

मी हँडल धरले. तिने मान वर केली नाही. माझे सोंग ती अजून सांभाळत होती.

"काका, सरका," ती म्हणाली, "लागन तुमाले."

काका.

मी सायकल ओढून पुन्हा गट्टूंवर आणली. स्टँड मारला. गाडीच्या नाकासमोर उभा राहिलो. मामाचा माइक चालूच होता, त्यामुळे पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेले:

"काका नाही, बाप होय मी इचा. सायकल इथंच राहीन. गाडी मांगं घ्या."