नऊ इंची भिंतीचं वजन

बिल्डिंग डिझाईनचं सॉफ्टवेअर शिकायचंय, कुठला क्लास लावू, कुठले व्हिडिओ बघू, असं विचारायला कुणी आलं की माझी बहीण जागृती आधी त्याच्या हातात घण देते. आमच्या अंगणात नऊ इंची विटांची एक भिंत कायम बांधलेली असते, कमरेइतकी उंच, एक फूट लांब. ती फोडायची, तुकडे घमेल्यात भरून वजनकाट्यावर ठेवायचे आणि आकडा वहीत लिहायचा. लॅपटॉपची बॅग पाठीला लावून आलेली पोरं एकमेकांकडे बघून हसतात. काही तिथूनच परत जातात. जी थांबतात त्यांना ती कोर्सबद्दल सांगते.

फोडलेली भिंत पुन्हा बांधायचं काम माझं. गेल्या दोन वर्षांत मी ती वीस वेळा बांधली आहे.

मी नयन, तिचा मोठा भाऊ. तापट माणूस आहे, आणि हे कौतुकानं सांगत नाही. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये एका टेम्पोचा आरसा मी नुसत्या हातानं फोडलाय आणि त्या हाताचे टाके गावभर दाखवत फिरलोय. लहानपणी आमच्या बाबांचा, काळुरामशेठचा, पट्टा आम्ही दोघांनी खाल्ला. फरक इतकाच की मोठा झाल्यावर मी मारणाऱ्यांत गेलो आणि जागृती मार खाणाऱ्यांतच राहिली.

आमचं गाव फाट्याच्या अलीकडे. शेती कधीच गेली, तिथं आता गोदामं आहेत. राहत्या घराची जागा तेवढी उरली होती. बाबांनी ठरवलं, जुनं घर पाडायचं आणि चार मजली बिल्डिंग उभी करायची. जागृतीनं नुकताच सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. घरातच इंजिनियर असताना बाहेर कशाला जायचं, असं मी म्हटलं. फक्त तिला डिझाईनचं सॉफ्टवेअर येत नव्हतं.

ते कुठून शिकायचं याची तिनं वहीच्या पानावर यादी केली होती. एक, सॉफ्टवेअरबरोबरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. दोन, कोपरीतल्या हरिहर सरांचा क्लास, नऊ महिन्यांचा. तीन, मी माझ्या डोंबिवलीच्या प्रीतम नावाच्या मित्राकडून पेनड्राईव्हमध्ये भरून आणलेले व्हिडिओ, सात दिवसांत डिझाईनर होण्याचे. तिनं दोन नंबरावर गोल केला होता.

"दादूस, सर पहिला महिना कॉम्प्युटरला हात लावून देत नाहीत. सगळा हिशोब हातानं करून घेतात. मना तेच पायजे."

"नऊ महिन्यांत पोर होतो. मना बिल्डिंग पायजे," मी म्हणालो आणि ते पान फाडलं. पेनड्राईव्ह तिच्या समोर आपटला. तिनं तो उचलून लॅपटॉपला लावला, कारण माझा हात मारायला मोकळा होता.

व्हिडिओतला मास्तर परदेशातला. गोड बोलायचा. इथं क्लिक करा, तिथं क्लिक करा, एकूण त्रेचाळीस पायऱ्या. जागृतीनं आठ दिवसांत त्या सगळ्या केल्या. शेवटच्या पायरीला स्क्रीनवर आमची बिल्डिंग उभी राहिली आणि एकूणएक बीम हिरवे झाले. हिरवं म्हणजे पास. मी तो स्क्रीन अख्ख्या गावाला दाखवला.

तिनं तेव्हा एकदा विचारलं होतं. "दादूस, भिंतींचं वजन कुठं धरायचं ते यानं सांगितलंच नाय रे."

"भिंती गवंडी बांधतो. तू काँक्रीटचं बघ."

हे माझे शब्द. आजही जेवताना मध्येच आठवले की मी हातातला घास खाली ठेवतो.

कॉन्ट्रॅक्टर महिपतनं त्या ड्रॉइंगवर तीन मजले चढवले. गावठाणात सही-शिक्का विचारायला कुणी आलं नाही. जुनं घर पाडलेलं, म्हणून आई-बाबा प्लास्टर वाळायच्या आधीच पहिल्या मजल्यावर राहायला गेले. माझं काम झालं होतं, तेव्हा जागृतीला म्हटलं, जा आता तुझ्या त्या म्हाताऱ्याच्या क्लासला.

पहिल्याच आठवड्यात हरिहर सरांनी प्रत्येकाच्या हातात एक वीट दिली आणि तिचं वजन करायला लावलं. मग म्हणाले, आपापल्या घरातल्या भिंतीचं वजन काढून आणा. एक फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची भिंत. उत्तर चारशे किलोच्या वर आलं. आमच्या स्वयंपाकघराच्या बरोब्बर वर, दुसऱ्या मजल्यावर, पंधरा फुटांची अशी भिंत उभी होती. म्हणजे सहा हजार किलो, एका बीमवर. त्या परदेशी मास्तरच्या मुलखात खोल्यांच्या मधे हलक्या फळ्या ठोकतात, त्यामुळे त्याच्या त्रेचाळीस पायऱ्यांत भिंत नव्हतीच.

जागृतीनं जुनी फाईल उघडून भिंतींची वजनं भरली. पहिल्या तिन्ही मजल्यांचे बीम लाल झाले.

इकडे आई, तुळसा तिचं नाव, आठ दिवस ओरडत होती की स्वयंपाकघराचा दरवाजा अडकतो. मी सुताराच्या नावानं शिव्या घालत दोनदा त्या दरवाजाला रंधा मारला. वरून बीम वाकून चौकट दाबतोय हे माझ्या बापजन्मात डोक्यात आलं नसतं.

बीम लाल झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी चौथा स्लॅब ओतायचा होता. आदल्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर होतो. खाली टेकू, वर फळ्या, फळ्यांवर सळयांची जाळी, सगळं तयार. काँक्रीट मिक्सर आलेला, नातेवाइकांना सांगून झालेलं, नारळाचं पोतं कोपऱ्यात. जागृती लॅपटॉप उघडाच हातात घेऊन वर आली.

"स्लॅब टाकू नका. मी चुकले. भिंती धरल्याच नाहीत. आई-बाबांना आजच खाली उतरवा, दादूस, पाया पडते."

महिपत हसला. "काय शेठ, आधी पोरीनंच पास केली, आता पोरगीच नापास करते?"

त्याचे मजूरही हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला मारलं. चापट नव्हे. हात मागे नेऊन, पूर्ण ताकदीनं, डाव्या कानावर. ती सळयांच्या जाळीवर आडवी पडली. तिच्या हातातून सुटलेला लॅपटॉप मी उचलला, सळयांवर आपटला आणि बुटाच्या टाचेनं स्क्रीनचा चुरा होईपर्यंत तुडवला. ती उठायला लागली तेव्हा मी लाथ उचलली होती. माझा पाय महिपतनं धरला, एवढंच. खाली बाबांना कळलं तर ते म्हणाले, बरं केलंस. आई स्वयंपाकघरात गेली आणि अडकलेल्या दरवाजाला तिनं लाथ मारल्याचा आवाज आला.

सकाळी सहाला मी घणाच्या आवाजानं उठलो.

माल राखायला गेटवर झोपलो होतो, तिथून पळत पहिल्या मजल्यावर गेलो. स्वयंपाकघरात बीमखाली एका रांगेत चौदा लोखंडी टेकू उभे होते. स्लॅबच्या फळ्यांखालचे टेकू काढून आणून तिनं आणि आईनं ते इथं लावले होते. त्यामुळे वरच्या फळ्या लोंबत होत्या आणि स्लॅब ओतायचा प्रश्नच मिटला होता. आवाज दुसऱ्या मजल्यावरून येत होता. ती भिंत फोडत होती.

बाबा पट्टा घेऊन जिन्यात होते. वरच्या पायरीवर आई, तिच्या हातात पहार.

"वर पाय ठेवलात तर डोकं फोरीन," ती म्हणाली. "चाळीस वर्सं तुमचा पट्टा बघला. आज ही बघा."

तिनं पहार खरंच चालवली. बाबांच्या कानाशेजारचं प्लास्टर उडालं. ते खाली बसले.

मी बाहेरच्या बांबूच्या परांचीवरून चढलो आणि खिडकीच्या भोकातून आत उडी मारली. जागृती पाठमोरी होती. भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं होतं. ती घण डोक्यावर नेत होती आणि घालत होती, नेत होती आणि घालत होती. मी ओरडलो, "जागे!" तिनं वळून बघितलं नाही. पुन्हा ओरडलो. मला वाटलं, माज. मूठ वळून मी तिच्या डाव्या अंगाला गेलो आणि अगदी कानाशी येऊन तिसऱ्यांदा ओरडलो. ती तरीही घण घालतच होती.

तेव्हा मला दिसलं. तिच्या कानातून निघालेली रक्ताची रेघ मानेवरून कुर्त्याच्या गळ्यापर्यंत वाळली होती आणि तिच्यावर विटांची लाल धूळ बसली होती.

माझी सावली भिंतीवर पडली असणार. तिनं घण टाकला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली. मारायला आलोय हे तिला न बघताही कळलं होतं. लहानपणी बाबांचा पट्टा निघाला की आम्ही दोघं असंच बसायचो, एकमेकांना चिकटून.

मी मूठ सोडली. पण आईला ते मागून कसं कळणार? तिची पहार माझ्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला आणि भिंतीला टेकून खाली घसरलो.

"बस आता तिथंच," आई म्हणाली. तिनं जागृतीला उठवलं, घण तिच्या हातात दिला आणि स्वतः पहार घेऊन दुसऱ्या बाजूनं भिंतीवर तुटून पडली. मायलेकी मिळून मारत होत्या. विटा माझ्या पायांवर पडत होत्या. आई प्रत्येक घावाला एकेक शिवी देत होती, त्यातल्या बऱ्याच माझ्यासाठी होत्या.

गोंधळ ऐकून महिपत आला. खाली स्वयंपाकघरात जाऊन त्यानं बीमच्या पोटाचं प्लास्टर छिन्नीनं उडवलं. मग मला हाक मारली. मी खांदा धरून उतरलो. बीमला आडवी भेग होती. मी खिशातली बाईकची किल्ली तिच्यात घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. महिपतचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यानं न सांगता मजुरांना हाका मारल्या आणि त्याची माणसं घण घेऊन वर पळाली.

दुपारपर्यंत भिंत गेली. आई खाली आली, हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दरवाजाला बोट लावलं. दरवाजा उघडला.

दुसऱ्या दिवशी हरिहर सर आले. सत्तरीचे, काठी टेकत. त्यांनी प्रत्येक बीम पाहिला, आई-बाबांना त्याच तासाला बाहेर काढलं. मग जागृतीकडे वळले, आणि सर चिडले की माणूस थरथर कापतो असं तिनं सांगितलं होतं ते खरं होतं.

"हे असलं कुणाकडून शिकलीस?"

त्यांनी तिच्या डाव्या बाजूनं विचारलं, म्हणून त्यांना परत विचारावं लागलं. मी समोरच होतो, हात झोळीत.

"व्हिडिओ बघून, सर," ती म्हणाली. "मीच निवडले."

टेम्पोचे आरसे फोडणारा मी, एका म्हाताऱ्यासमोर एक वाक्य बोलायला घाबरलो.

ठाण्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, डाव्या कानाचा पडदा शिवता येईल, पण आतलं गेलंय, त्या कानानं आता ऐकू येणार नाही. तिसरा मजला आम्ही उतरवला. खालच्या बीमना सरांच्या देखरेखीखाली नवं लोखंड आणि काँक्रीट चढवलं. जागृती आता कोपरीत सरांबरोबर काम करते. अधूनमधून रविवारी पोरं येतात, घण मागतात आणि भिंत फोडतात.

गेल्या रविवारी पोरं गेल्यावर ती पायरीवर बसून वहीत आकडे उतरवत होती. मी शेजारी उभा राहून म्हणालो, "जागे, माझं चुकलं गं. व्हिडिओंचं पण, आणि त्या संध्याकाळचं पण."

ती लिहीत राहिली. पान उलटलं.

मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो, आणि कुठल्या बाजूला उभा आहे हे मला चांगलं माहीत होतं. उजवीकडे जायला चार पावलं लागतात. मी विटा भिजवायला घेतल्या आणि विसावी भिंत बांधायला बसलो.