दुपारी बाराला टाकी भरा

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळोचीला घरी चहा पीत होतो. सणसरचा गिरणीवाला बाळू बोलत होता. "साहेब, तात्या गेलं... झोपंतच. बाराला माती हाय." मी कप खाली ठेवला तो थेट वर्तमानपत्रावर कलंडला, आणि तो सावरायचंही मला सुचलं नाही.

मी वीज कंपनीचा शाखा अभियंता आणि तात्या निवृत्त वायरमन. निवृत्त कागदावर, कारण सणसरच्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, त्यांचा हक्क कायम होता. गावात छपराछपरांवर सोलर बसलं आणि माझी झोप उडाली. इतकी वर्षं आमची वीज घरात जात होती, ती आता घरातून आमच्याकडे यायला लागली. भर दुपारी सोलर जोरात आणि घरात वापर शून्य, की व्होल्टेज चढायचं, सोलर आपोआप बंद पडायचं आणि लोक माझा उद्धार करायचे. त्यात सुनंदाबाईंचा सोलरसाठी अर्ज आला. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई मुलींचा शिवणक्लास चालवत आणि बिलापायी तो बंद करायची वेळ आली होती. 'डीपीची क्षमता संपली' असं लिहून मी अर्ज परत पाठवला. नियमाला धरूनच, पण लिहिताना लाज वाटली होती.

दुसऱ्या दिवशी तात्या ऑफिसात हजर. "साहेब, डीपी भरला न्हाय. सोलर दुपारी वाढतंय आन् ही लोकं जेवत्यात संध्याकाळी. त्यास्नी दुपारी जेवायला लावू की!"

आणि लावलंही. रोज बाराला तात्यांचे फोन सुरू. वहिनी, टाकी भरा. बाळू, दळणं काढ. सूनबाईला सांगा, इस्त्री आत्ताच करायची. एका घरात तर एकच गोधडी आठवड्यात तीनदा मशीनमध्ये धुतली गेली. पहिल्या दिवशी मात्र सगळ्या गावाने एकाच क्षणी बटणं दाबली आणि डीपीचा फ्यूज उडाला. "तुमचा फ्यूजच भित्रा," असं मला सुनावून तात्यांनी घरोघरी पाळ्या लावून दिल्या. मग मी वरिष्ठांच्या मागे लागलो. अखेर ठरलं, की डीपीवर सात दिवस नोंद घेणारं यंत्र लावायचं. सातही दिवस व्होल्टेज मर्यादेत राहिलं तर बाईंचा अर्ज मंजूर, एक दिवस जरी चढलं तरी कायमचा नामंजूर.

सहाव्या दिवशी तात्या गेले.

मी पोहोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. गाव चिडीचूप. गिरणी बंद, पाण्याच्या मोटारी बंद, धुण्याची मशिनं बंद... तात्यांच्या मानापोटी कुणी बटणाला हात लावला नव्हता. वर ऊन रणरणत होतं आणि डीपीवरच्या यंत्राचा दिवा लुकलुकत होता. तिरडीशेजारी उभं राहून गिरणी चालू करा, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? सुनंदाबाईंनाही सगळं कळत होतं. त्या पदर तोंडाशी धरून रडत उभ्या होत्या.

तेवढ्यात तात्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, मान वर केली.

"बाळू, बारा वाजायला आलं. गिरणी गप का?"

"काकू, आज कशी चालू करू..."

"त्येंनी उभ्या जन्मात कुणाची गिरणी बंद पडू दिली न्हाय. जा, चालू कर. आन् सुनंदाबाई, रडत उभ्या राहू नगा, तुमी टाकी भरा."

तात्यांची अंत्ययात्रा निघाली ती गिरणीच्या खडखडाटात. त्या दिवशी पाळीबिळी कुणी पाळली नाही. सगळ्यांनी मोटारी लावल्या आणि बंद करायला मागे कुणी थांबलंच नाही. फ्यूज कसाबसा तगला, पण टाक्या भरून वाहू लागल्या आणि आम्ही सगळे गल्लीतून चपला फचफचवत, रडत आणि मध्येच एकमेकांकडे बघून हसत चाललो होतो. मी तर हुंदके देऊन रडलो. आमच्या खात्यात एवढा शहाणा माणूस मला पुन्हा भेटणार नाही.

यंत्राची नोंद सातही दिवस मर्यादेत निघाली. बाईंच्या छपरावर आता सोलर आहे आणि क्लास चालू आहे. बाराचे फोन माझ्याकडे आले आहेत. परवा भिगवणला मीटिंगमध्ये अडकलो, तरी बाहेर येऊन पहिला फोन काकूंना लावला. "काकू, टाकी भरा."

"कवाच भरली," काकू म्हणाल्या. "बारा वाजून चार मिनटं झाली, साहेब. अशानं तुमचं कसं व्हायचं?"