हबीबचाचांचे अकरा महिने

अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात वीस वर्षं बसून बघा! सतरा भाड्याच्या इमारती, सतरा घरमालक, आणि सगळ्यांच्या करारांचं कपाट माझ्या खुर्चीमागं. चहा आला की एखादी फाईल निघते आणि आमची मंडळी सुरू होतात. त्यातला एक किस्सा मी कधी सांगत नाही. आज सांगून टाकतो.

*

आधी आमचे बिराजदार सर. हेड अकाउंटंट, निलंग्याचे. भाडेकरार अकरा महिन्यांचाच करायचा, संपला की परत अकरा, हा त्यांचा बाणा. हिशोबाला सोपं पडतं. त्या वर्षीचं भाडं खर्चात टाकलं की झालं, ताळेबंदात काही दाखवायचं काम नाही.

सरांच्या पोरीच्या सोयरिकीची बैठक चालली होती. पाहुण्यांनी विचारलं, तारीख कधीची धरायची? सर सवयीनं बोलून गेले, "सध्या अकरा महिन्यांचं धरू, पुढं रिन्यू करता येतंय!"

पाहुणे उठून गेले नाहीत, एवढंच नशीब.

*

आमची सगळ्यात पहिली जागा हबीबचाचांची. चाचा पत्र्याच्या पेट्या करायचे. अहमदपूर, जळकोटकडून क्लासला आलेलं पोरगं आधी चाचांकडून पेटी घ्यायचं, मग आमच्याकडं ॲडमिशन. क्लास वाढला तसं चाचांनी जवळजवळ सगळं घर आम्हाला दिलं आणि स्वतः मागच्या दोन खोल्यांत राहिले.

त्यांचा एक हट्ट होता. करार टाईप होऊन आला की खाली स्वतःच्या पेनानं एक ओळ लिहायचे, 'अंगण मोकळं राहील.' आणि आमच्या मोठ्या सरांना, म्हणजे क्लासच्या मालकांना, नेमकं त्याच अंगणात शेड टाकून अजून साठ पोरं बसवायची होती. समजूत घालायला मला पाठवलं.

चाचांनी मला अंगणातच बसवलं. भूकंपात सगळी गल्ली पळून इथं आली, पुढं महिनाभर इथंच निजली, असं सांगितलं. मग म्हणाले, "तुमची दोनशे लेकरं हायत आत. जमीन हलली तर पळून कुठं येतील?"

मी उठून आलो. शेड काही झाली नाही.

*

मग हिशोबाचा नवा नियम आला आणि पुण्याहून ऑडिटच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, कागदावर अकरा महिने लिहिलंय ते सोडा, जागेत खरंच किती वर्षं राहणार ते सांगा. राहणार असाल तर तेवढ्या वर्षांचं भाडं आजच देणं म्हणून ताळेबंदात दाखवावं लागेल.

त्याच आठवड्यात क्लासचा वर्धापनदिन. मोठ्या सरांनी चाचांना शाल घातली आणि माईकवरून सांगितलं, "ही आमची पहिली जागा. ही आम्ही कधीच सोडणार नाही!" लई टाळ्या पडल्या. मॅडम पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, कधीच नाही म्हणजे किती वर्षं धरू?"

मोठ्या सरांनी दार लावून घेतलं. बायपासला स्वतःची इमारत उभी राहत होती, आणखी एक करार झाला की चाचांकडचा सगळा क्लास तिकडं. मॅडमना हे लेखी पाहिजे होतं. मी टाईप केलं, 'पुढील अकरा महिन्यांनंतर या जागेत राहण्याचा कंपनीचा इरादा नाही.' खाली सहीही माझीच. बाहेर बोलायचं नाही, असं बजावलं गेलं.

मॅडमच्या त्या 'किती वर्षं धरू'वर आम्ही आठवडाभर हसत होतो. मीसुद्धा.

*

पंधरा दिवसांनी चाचा ऑफिसात आले. एका डॉक्टरांना दवाखान्यासाठी त्यांचं घर पाहिजे होतं, दहा वर्षांच्या करारानं. आमची मुदत संपतच होती. चाचांचे हात आता थरथरायचे, पेट्यांचं काम सुटलं होतं. घरभाडं हाच आधार.

"मोठे सर माईकवर बोलले, ते ऐकलं मी," ते म्हणाले. "पण कागद तुमी करता. तुमी सांगा भाऊ, राहणार न्हवं?"

त्या पत्राची कॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. नोकरी जाईल याची मला भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं, उगाच सजवून कशाला सांगू?

"राहणार, चाचा."

"हाव. मग झालं."

डॉक्टरांनी समोरचं घर घेतलं.

*

अकरा महिन्यांनी जागेचा ताबा द्यायला मीच गेलो. जायची हिंमत दुसऱ्या कुणाची झाली नाही. मी पंख्यांची, नळांची यादी वाचत होतो आणि चाचा हाव, हाव म्हणत होते. क्लासच गेल्यावर त्या गल्लीत भाड्यानं कोण येणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. समोर दवाखान्यात पेशंटची रांग होती.

सही करून चाचा आत गेले आणि एक पेटी ओढत बाहेर आले. नवी कोरी, हिरव्या रंगाची, झाकणावर आमच्या क्लासचं नाव. डॉक्टरांना नकार कळवला त्याच आठवड्यात बनवलेली, आपले करार ठेवायला. त्या थरथरत्या हातांनी.

त्यांनी झाकण उघडलं. आत पत्र्याचे दहा कप्पे, प्रत्येकावर रंगानं वर्ष लिहिलेलं. पहिल्यात आमचा शेवटचा करार. बाकीचे नऊ रिकामे.

"चाचा," मी म्हणालो, "तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत होतं."

 चाचांनी झाकण लावलं, कडी घातली आणि पेटी माझ्याकडं सरकवली.

"हे घेऊन जावा भाऊ," ते म्हणाले. "अंगण मोकळं ठेवायचं ठरलंय न्हवं आपलं."