भिंगरीकाकूंची काळी काच

भिंगरीकाकूंना कुणी बसलेलं पाहिलं असेल, तर ते गाडीतच. एरवी त्यांचा खुर्चीशी संबंध पिशवी टेकवण्यापुरता. चहा उभ्याने, जेवण ओट्याला टेकून, आणि फोन आला की थेट जिन्यावर वर-खाली, वर-खाली. लाँड्रीत आलेलं गिऱ्हाईक "काकू, माझा तो निळा..." म्हणेपर्यंत निळा कोट त्याच्या हातात आणि काकू त्याच्या पाठीमागे, दार उघडून धरून. नवरा नेमका उलटा. हातातली इस्त्री खाली ठेवायची तरी आधी तिच्याशी सल्लामसलत करणारा. लोक त्यांना इस्त्रीकाका म्हणत. बोलणंही तसंच, एकेक सुरकुती काढत: "म्हणजे... बघ हं... मी काय म्हणतो..."

"अहो, म्हणा ना एकदाचं! मला निघायचंय."

निघायचंय म्हणजे कपडे पोचवायला. जुनी पांढरी गाडी, मागचं सीट काढून तिथे आडवा दांडा ठोकलेला. त्यावर हॉस्पिटलचे कोट, बँडवाल्यांचे लाल डगले, हॉटेलच्या आचाऱ्यांचे अंगरखे, सगळे एका लयीत झुलत. काकू एक हात स्टिअरिंगवर ठेवून खिडकीतून अख्ख्या रस्त्याशी बोलत जायच्या. "ओ बँडमास्तर, सूर तुम्ही सांभाळा, कॉलर मी सांभाळलीये!" "काय गं, कोट न्यायला येतेस की त्याला दत्तक देतेस मला?" ही फेरी हाच काकूंचा श्वास. लाँड्री काकांची, रस्ता काकूंचा, अशी न बोलता झालेली वाटणी.

मग गालावर चट्टे उठले. खिडकीकडच्याच गालावर, आणि त्याच बाजूच्या हातावर. दुसरा गाल जसाच्या तसा. आरशात बघून काकू म्हणाल्या, "अर्धी मी भाजली, अर्धी कच्चीच राहिली."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या "हं" म्हणतात तेव्हा पेशंट खुर्ची घट्ट धरतो. त्यांनी दोनदा "हं" केलं. "काकू, उन्हातले काही किरण दिसत नाहीत, पण कातडीला तेच खातात. पुढची काच जाड असते, ती अडवते. बाजूची साधी असते, तिच्यातून आरपार येतात. काचेला चांगली फिल्म लावा, काच वर ठेवा, क्रीम लावा. पुढच्या वेळी चट्टे वाढलेले दिसले, तर गाडी बंद. मी ऐकून घेणार नाही."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे काउंटरवर बसायचं."

बसायचं! काकूंना 'बसायचं' या शब्दानेच घाम फुटला. काकांचा चेहरा मात्र नुकत्याच घडी घातलेल्या रुमालासारखा समाधानी. "म्हणजे... बघ... मी तरी वेगळं काय म्हणत होतो..."

त्याच दिवशी काकू फिल्मवाल्याच्या दुकानात. हा किडकिडीत माणूस, एका हातात साबणपाण्याची फवारणी, दुसऱ्यात रबरी पट्टी, आणि तोंडात कायम "टकाटक". त्याने फिल्मचे तुकडे मांडले. एक कोळशासारखा, एक चहासारखा, एक जवळजवळ पाण्यासारखा. तापलेल्या बल्बसमोर एकेक तुकडा धरून तो म्हणाला, "हात लावून बघा काकू. ही पाण्यासारखी घ्या. दिसायला काही नाही, पण आतून टकाटक. काळेपणावर जाऊ नका."

काकूंनी मात्र लाँड्रीवालीची परीक्षा लावली. उभा जन्म कापड पारखण्यात गेलेला. तुकडा उजेडासमोर धरायचा, पलीकडचं किती दिसतं ते बघायचं. जितकं कमी दिसेल, तितका माल दाट. पडद्याचं कापड असंच घ्यायचं, कोटाचं अस्तर असंच घ्यायचं. पाण्यासारख्या तुकड्यातून फिल्मवाल्याच्या मिशीचा केस न् केस दिसला. कोळशातून मिशीच काय, माणूसच गायब.

"ही काळी लाव."

"काकू, ही स्वस्तातली आहे. नुसता रंग. रात्री मागचं दिसणार नाही..."

"अरे, दाट कशाला म्हणतात ते मला शिकवतोस? लाव म्हटलं ना!"

"लावतो बापडा," फिल्मवाला म्हणाला. बाजूच्या सगळ्या काचांना काळी फिल्म चढली, आणि उरलेला पट्टा त्याने काकूंच्या हातात दिला.

काकांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "म्हणजे... बघ हं... गॉगल घातलेली म्हैस."

आतून तर आणखी मजा. रस्ता कायम संध्याकाळचा. बँडमास्तरांनी हात केला, काकूंनी उलट हात केला, पण तो त्यांना दिसलाच नाही. ते रुसले. हॉटेलच्या मागे गाडी वळवताना काकूंनी कुंड्यांची अख्खी रांग आडवी केली आणि कुंड्यांनाच दटावलं, "मध्ये कशाला उभ्या राहता गं?" हे सगळं चाललं असतं. पण सिग्नलला थांबल्या की मान वर, आरशात गाल. पुढच्या सिग्नलला पुन्हा गाल. चट्टा तिथेच, उलट कडेने आणखी लाल. काचा काळ्याकुट्ट, आत अंधार, आणि गाल तरीही चुरचुरतोय. रात्री कूस बदलून बदलून त्यांनी चादरीचा पार दोर केला.

"मी काय म्हणतो," काका एकदाचे म्हणाले, "तपासणी होईपर्यंत फेरी मी करतो. तू बस."

आणि काकू बसल्या. म्हणजे खुर्चीवर दिसल्या, एवढंच. आधी हँगर लांबीनुसार लावले, मग रंगानुसार, मग पुन्हा लांबीनुसार. गिऱ्हाइकाला पावती देताना त्याच्या शर्टाचं सैल बटण तोडून तिथल्या तिथे शिवलं, शर्ट त्याच्या अंगात असतानाच. तो माणूस श्वास रोखून उभा. दुपारी काउंटर भिंतीपासून ओढून दाराशी नेलं, संध्याकाळी परत भिंतीशी. तिकडे काका सावकाश, ब्रेकवर पाय ठेवूनच, शहरभर फिरत होते. हॉस्पिटलचे कोट बँडकडे गेले, डगले हॉस्पिटलात. बँडमास्तरांचा फोन आला: "काकू, वाजवायचं की ऑपरेशन करायचं?"

काका अंधार पडल्यावर परतले. बघतात तर त्यांच्या इस्त्रीचं टेबल जागेवर नाही. ज्या टेबलापाशी त्यांची हयात गेली, ते टेबल खिडकीखाली! काका दारातच थांबले. आणि कुठलाही 'म्हणजे' न लावता म्हणाले, "हिला कुणीतरी गाडी द्या रे."

काकू मागच्या खोलीत होत्या. तिथे कोपऱ्यात जांभळा दिवा असतो, डाग शोधायचा. खोलीत अंधार करून तो लावला की धुतलेलं पांढरं कापड निळसर झळाळतं, आणि डोळ्यांना न दिसलेला डाग काळा उमटतो. दिवा आणला तेव्हा विकणाऱ्याने बजावलं होतं, उन्हातले न दिसणारे किरण असतात ना, तेच हे, हात जास्त वेळ खाली धरू नका. काकू आचाऱ्याचा अंगरखा तपासत होत्या, आणि रिकामा हात गप्प बसेना म्हणून फिल्मचा तो उरलेला काळा पट्टा बोटांनी गुंडाळत, उलगडत होत्या. उलगडलेला पट्टा दिव्याखाली आला.

अंगरखा झळाळतच राहिला.

काकूंनी पट्टा बाजूला घेतला. पुन्हा घातला. दुमडून घातला. कोळशासारख्या फिल्मखालून अंगरखा त्यांच्याकडे बघून दात काढत होता.

"अगं बाई!" काकू एवढ्या जोरात म्हणाल्या की काका आत धावत आले. धावत! "अहो, हिच्यातून उजेड जात नाही, पण नको ते किरण सगळे आरपार जातायत! मी अस्तर घेतलं हो, अस्तर!"

एरवी काकांनी "म्हणजे" लावलं असतं. त्यांनी गुपचूप दिव्याची वायर काढली, दिवा बगलेत मारला, अंगरखा खांद्यावर टाकला. "चल. तो दुकान बंद करेल."

फिल्मवाला शटर ओढत होता. काकूंनी शटरखालूनच आत प्रवेश केला. अंगरखा टेबलावर पसरला, दिवा लावला, आणि एकेक तुकडा खाली सरकू लागला. कोळसा: झळाळ. चहा: थोडी कमी झळाळ. पाण्यासारखा: कापड विझलं. जिथे तुकडा, तिथे चौकोनी काळोख, आणि तरी दिव्याच्या जांभळ्या उजेडात त्या तुकड्यातून अंगरख्याची शिवण साधी सरळ दिसतेय.

"टकाटक!" फिल्मवाला नाचलाच. "हेच सांगत होतो ना! पण माझा बल्ब नुसती उष्णता दाखवतो. काकू, हा दिवा मला द्या."

"दिवा नाही, दिव्याची वायर नाही, काही मिळणार नाही. तू होतास बरोबर, झालं? आता ही काळी काढ."

दुसऱ्या दिवशी काळी निघाली, पारदर्शक चढली. काका बोटाने काच टकटकवत विचारत होते, "लावलीय का खरंच? दिसत तर नाही." फिल्मवाल्याने जाताना तेवढं सांगितलं: डिंक वाळेपर्यंत काचा खाली करायच्या नाहीत.

म्हणजे बोलण्यापुरतीही खिडकी उघडायची नाही! काकूंनी बोटं स्टिअरिंगभोवती आवळून धरली. रस्त्याकडेचे बँडमास्तर स्वच्छ दिसतायत, हात करतायत, आणि काचेआड काकूंचं तोंड माशासारखं उघडतंय, मिटतंय. काकांनी खिडकीच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती. काकूंनी ती दर चौकात सोलली आणि दर चौकात परत चिकटवली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी गालाजवळ दिवा धरला. "हं." काकू खुर्चीच्या कडेवर. डॉक्टरीणबाईंनी हात बघितला. काकांनी स्वतःचा रुमाल पिळून त्याची पार लक्तरं केली होती. दोघांत घाबरलेलं जास्त कोण, हे सांगणं कठीण.

"वाढलेले नाहीत. कडा फिकट होतायत. चालवा गाडी, पण बाह्या पूर्ण, आणि हे क्रीम रोज दोनदा, आधी चेहरा..."

दार आपटलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी.

"अहो, त्या कुठे गेल्या? मी सांगतेय ना अजून!"

"म्हणजे... बघा हं..." काकांनी क्रीमची ट्यूब खिशात घातली आणि वही-पेन असल्यासारखे गुडघ्यावर हात ठेवून नीट बसले. "मला सांगा. सावकाश सांगा."

खाली हॉर्न वाजत होता.