भट्टीच्या माथ्यावरचं बूच

लग्नानंतरचे दोन हंगाम आम्ही सिंदी मेघेत एका खोलीत काढले. हे वर्ध्याच्या एका जिनिंग कारखान्यात बॉयलर सांभाळत. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की ते माझे कमी आणि त्या भट्टीचे जास्त. म्हणून दुपारची भाकरी मी स्वतः घेऊन जायची. तेवढीच निवांत भेट.

दुसऱ्या वर्षी हंगामाआधी, बॉयलर साफ करून आल्यावर त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं एक पितळी बूच माझ्या हातात ठेवलं. मधोमध भोक, भोकात शिसं ओतलेलं.

"हे भट्टीच्या माथ्यावर बसते," ते म्हणाले. "वर पाणी आहे तोवर थंडं राह्यते. पाणी उतरलं का शिसं वितळते अन् वाफ खाली येऊन आग विझवते. नाई तं बॉयलर फुटते."

"मंग काढलं काऊन?"

"पाण्याचा खार चढते याच्यावर. मंग वेळेवर वितळत नाई. मॅनेजर म्हणे, चालून तं राह्यलं. मी म्हटलं, नवं बसल्याबिगर मी आग लावत नाई."

नवं बसलं.

माघातल्या एका दुपारी आम्ही आवारात कापसाच्या बैलबंडीच्या सावलीला बसलो होतो. भट्टी त्यांच्या जोडीदाराकडे होती. दुसरी भाकरी मोडतात तोच आतून असा आवाज आला की बंडीचे बैल उधळले. बॉयलरच्या खोलीतून पांढरी वाफ आणि राख बाहेर पडली.

"तू अथंच राह्य!" म्हणून ते धावले, सरळ त्या वाफेत.

सरकी काढणारे रेचे एकामागून एक थांबले. बाया केसांत कापूस घेऊन बाहेर आल्या. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग जोडीदाराला धरून हे बाहेर आले, तोंड राखेनं माखलेलं.

"कोनाले काई झालं नाई," ते मला म्हणाले. तेव्हा कुठे मी रडले.

पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची वाट खारानं तुंबली होती. काच अर्धी भरलेली दिसत होती, आत मात्र पाणी उतरलं होतं. सकाळी वाफ सोडून ती वाट मोकळी करायची असते; जोडीदारानं ते केलं नव्हतं. मॅनेजरनं वितळलेलं बूच हातात घेऊन पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "यांचं ऐकलं म्हणून वाचलो."

ही गोष्ट दूरवर गेली. पुढच्या हंगामाला खानदेशातल्या एका मोठ्या कारखान्यानं यांना बोलावून घेतलं. सासूबाई गावी, आष्टीला अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मी तिकडे राहिले. चार हिवाळे. हंगाम संपला तरी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कारखाना त्यांना सोडत नसे.

महिन्याला एक कार्ड यायचं. दीर वाचून दाखवत. 'काच रोज साफ करतो. बूच नवं आहे. काळजी नसावी.' एवढंच. दिरांसमोर आणखी काय विचारणार? ते गेले की मी कार्ड उलटंसुलटं करून बघायची. अक्षर येत नव्हतं, पण कोपऱ्यावर त्यांच्या बोटांचा काळा डाग असायचा. त्यावर मी माझं बोट ठेवायची.

चौथ्या वर्षी सासूबाई चालू-फिरू लागल्या. एका सकाळी म्हणाल्या, "आता तू जाय वो. माह्यं मी पाह्यतो."

गाडीतून उतरले, तर फलाटावर ते उभे होते. कानशिलावरचे केस पांढरे झालेले. ते कधी झाले, मला कळलंच नव्हतं.

पुढे आम्ही पुष्कळ वर्षं एकत्र राहिलो. आता ते नाहीत, आणि मन अजून ते चार हिवाळे मागतं.