भूक तिची नव्हती

“एपिलेप्सी,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी सोपं करून सांगितलं, “फिट येण्याचा आजार. बाहेरची बाधा वगैरे काही नाही. गोळीनं आटोक्यात राहतो.”

कल्याणच्या त्या दवाखान्यात माझी लेक वैशाली शेजारी बसली होती. ईईजीचा चिकट लेप तिच्या केसांत तसाच होता. ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात. दुखत नाही, हे मुलांना आधीच सांगा. ती उगाच घाबरली होती.

ती चौथीत होती. शाळेत जेवणाच्या रांगेत ताटासकट खाली पडली. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, म्हशाजवळ. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा. दुसऱ्यांदा पडली तेव्हा मी आणि तिचे बाबा जीपनं मुरबाडला आणि तिथून कल्याणला गेलो.

गोळी होती सोडियम व्हॅल्प्रोएट. “एकही दिवस चुकवायची नाही,” डॉक्टरांनी बजावलं. आम्ही चुकवली नाही. फिट थांबल्या. मी त्या डॉक्टरांना मनातून नमस्कार करायचे.

मग वैशालीला भूक लागायला लागली. साधी भूक नव्हे. जेवून उठली की हात वाळायच्या आत पुन्हा भाकरीच्या टोपलीपाशी. “आई, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतंय,” म्हणायची. सासूबाई खूश. “पोरगी आता अंग धरायला लागली गो,” म्हणायच्या.

मी घरी शिवणकाम करते. तिचा युनिफॉर्म मीच शिवलेला. शिवणीत आत सोडलेली कापडाची माया उसवून उसवून दिवाळीपर्यंत संपली. मग मानेवर काळा पट्टा आला. मळ समजून मी बेसन लावून घासला. कातडी लाल झाली, काळं गेलं नाही.

दर तपासणीला डॉक्टर वजनकाट्याकडं बघत आणि मग माझ्याकडं. “आई, लाड कमी करा. बाहेरचं अरबटचरबट बंद. मुलीनं तोंडावर ताबा ठेवायला हवा.” हे सगळं तिच्यासमोर. आमच्या गावात बाहेरचं म्हणजे काय, तर म्हशाच्या जत्रेतली जिलेबी, तीही वर्षातून एकदा. तरी मी मान डोलवायचे. डॉक्टर खोटं कशाला बोलतील?

शाळेत पोरं तिला ‘ढोल’ म्हणायला लागली. गावकीच्या जेवणात एक काकू मोठ्यानं म्हणाल्या, “हिला वाढताना हात आखडा गो.” वैशाली अर्ध्या पानावरून उठली.

त्यानंतर ती जेवायचीच बंद झाली. मला कळू द्यायची नाही. सकाळची भाकरी कुत्र्याला, शाळेतला भात मैत्रिणीला. पुढच्या सुट्टीत आम्ही शहापूरला माझ्या भावाकडं गेलो होतो. तिथं अंगणात ती पडली. वर्षभरानं आलेली फिट.

भावानं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं लहान मुलांच्या डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी औषध विचारलं, मग तिची वेणी बाजूला करून मान बघितली.

“हा मळ नाही. ह्याला अ‍ॅकँथोसिस म्हणतात. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसलं की मान, काख अशी काळवंडते.” रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर होती. यकृतावर चरबी चढली होती, त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

“ही गोळी काही मुलांची भूक वाढवते. वजन वाढतं, त्यातून हे होतं. उपाशी राहण्यानं, दगदगीनं फिटही येऊ शकते. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं?”

“नाय,” मी म्हणाले.

वैशाली खाटेवर उठून बसली. “म्हंजे मी खादाड नाय?”

बाईंनी तिचा हात धरला. “नाही बाळा. तुझी चूक नाही.”

ती भिंतीकडं तोंड करून रडली. मला रडू आलं नाही. माझ्या अंगाची आग होत होती.

मी कल्याणला गेले, एकटी. डॉक्टरांना विचारलं, “गोळीनं भूक वाढते, हे तुमाला ठाऊक होतं?”

ते म्हणाले, “हे बघा, सांगितलं की गावाकडचे लोक गोळीच बंद करतात. मग मूल दगावतं. तुमच्या भल्यासाठीच नाही सांगितलं.”

“गोळी आमी बंद केली नसती, डॉक्टर. पण माझ्या पोरीला कुणाला खादाड म्हणू दिलं नसतं. तुमाला पण.”

त्यांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. येताना जीपमध्ये माझ्या मनात एकच होतं. या माणसाला ठाऊक होतं, आणि तरी तो दर वेळी तिच्या तोंडावर बोलत राहिला.

तुमच्या घरी असं मूल असेल तर गोळी आपल्या मनानं कधीच थांबवू नका. आमची जुनी गोळीही डॉक्टरीण बाईंनी हळूहळू कमी केली आणि नवी हळूहळू चढवली. पण पहिल्याच दिवशी विचारा, ह्यानं आणखी काय काय होतं? वजन किती वाढलं तर सांगायला यायचं? डॉक्टर चिडले तर चिडू देत.

वैशाली आता सातवीत आहे. भूक माणसासारखी झाली. साखर खाली आली. मान अजून थोडी काळी आहे, वजन सावकाश उतरतंय. पहिल्या डॉक्टरांनी फिट थांबवल्या, तो उपकार मी नाकारत नाही. पण मनातून त्यांना नमस्कार आता होत नाही.

नवी गोळी सुरू करायच्या दिवशी मी काही विचारायच्या आत वैशालीच पुढं सरकली. “डॉक्टर, ह्या गोळीनं काय होतं?”

“कधी कधी चिडचिड होते,” बाई म्हणाल्या.

वैशालीनं मान डोलावली. घरी पोचताच चप्पल काढायच्या आधी तिनं ओटीवर बसलेल्या आजीला हाक मारली, “आजे, ऐक. आता मी वसकन अंगावर आले ना, तर गोळी वसकली समजायचं. मला नाय बोलायचं.”