टोमॅटोवर मारलेलं औषध

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा परसातल्या टोमॅटोंना अळी लागली होती. आमचं घर तासगावजवळ, द्राक्षबागेला लागूनच. बागेला औषधं मारावीच लागतात, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघत आले. परसात मात्र मी शेणखत आणि लिंबोळीचा अर्क याशिवाय काही वापरू दिलं नाही. अर्कानं अळी झटकन मरत नाही, निम्मी फळं पोखरून जातात. त्यावरून नवऱ्याचं आणि माझं सारखं वाजायचं.

"तुझी लिंबोळी अळीला लय गोड लागती," असं ते म्हणायचे.

एका सकाळी मी बाजारातून आले, तर मुलगी मागच्या पायरीवर टोमॅटो खात बसलेली. ओढणीला पुसून घेतलेला, बस्स.

"आई, अशी चव पुण्यात न्हाई मिळत गं."

मला बरं वाटलं आणि तेवढ्यात वास आला. बागेत फवारणी झाली की येतो तो, नाकात बसणारा. टोमॅटोच्या पानांवर पांढुरके डाग वाळले होते.

नवरा गोठ्यात होता. "आवं, झाडांवर काय मारलंय?"

"बागंतलं उरलं हुतं पंपात. अळी लय झाली हुती, म्हणून..." बोलता बोलता त्यांची नजर माझ्या मागं गेली. मुलगी दारात उभी होती, हातात अर्धा टोमॅटो.

सांगलीच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडं तिचं नाव घातलं होतं, त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बाटली घेऊन ताबडतोब या. उलटी करायला लावू नका."

सांगलीच्या रस्त्यावर मी तिच्या तोंडाकडंच बघत होते. घाम येतोय का, लाळ सुटतीय का. तिनं आवंढा गिळला तरी मी मळमळतंय का विचारत होते. मिरजेला जाणारी वाहनं पुढं अडली होती. नवरा हॉर्न वाजवत होता. मग ती हळूच म्हणाली, "आई, बाळ हलत न्हाई गं."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. गाडीच्या धडधडीत काही कळेना.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचलं, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, पोटाला यंत्र लावलं. आधी नुसती खरखर. मग ठोके ऐकू आले, भरभर, घोडं पळावं तसे.

दुसऱ्या दिवसापर्यंत तिला ठेवून घेतलं. काही झालं नाही. पोटात फार गेलं नसावं, असं त्या म्हणाल्या. औषध मारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही, हे बाटलीवरच होतं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांसाठी नवरा ते दिवस काटेकोर पाळतो. घरच्या झाडांच्या वेळी त्यांच्या डोक्यात आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी टोमॅटो मुळासकट उपटले आणि लांब खड्ड्यात पुरले. औषधांच्या बाटल्या ठेवायच्या खोलीला कुलूप लावलं.

नात झाली, चांगली गुटगुटीत. दोघी अजून इथंच आहेत. परसात आता पुन्हा लिंबोळीच. औंदा वांगी जवळजवळ सगळी किडली, तरी नवऱ्यानं लिंबोळीला नाव ठेवलं नाही. पण द्राक्षांना औषध मारावंच लागतं, बाग सोडून आम्ही जगणार कसं? ते फवारणीला निघाले की आधी हाक मारून सांगतात. मी वाळत घातलेले कपडे काढते, खिडक्या लावते, नातीला आतल्या खोलीत नेते आणि वारं कुठल्या अंगाला आहे ते फटीतून बघत बसते.